यंत्रराजाचा उतारा कुणाच्या नावावर?

बेळगावात कुठलाही वाद फार वेळ मूळ विषयावर टिकत नाही. तासाभरात तो सीमाप्रश्नावर येऊन ठेपतो. सध्याचा वाद एका पितळी थाळीवरून पेटला आहे. वीतभर रुंद, कडेला अंश कोरलेले, वर नक्षीची जाळी फिरणारी ही थाळी म्हणजे ॲस्ट्रोलेब, ताऱ्यांवरून आणि सूर्यावरून वेळ काढायचं जुनं यंत्र. संस्कृत ग्रंथांत तिला यंत्रराज म्हटलं आहे. तिचा फोटो मोबाइलवर फिरतो आणि खाली मजकूर असतो की हे आपल्या ऋषींनी हजारो वर्षांपूर्वी बनवलं, गोऱ्यांनी पळवलं. लगेच दुसरा गट सरसावतो: ग्रीकांनी शोधलं, अरबांनी सुधारलं, आपण नुसती नक्कल केली. मग कुणीतरी भास्कराचार्यांना मध्ये ओढतं, आणि ते विजापूरचे की चाळीसगावजवळच्या पाटणचे, म्हणजे कानडी की मराठी, यात उरलेली रात्र जाते. ती थाळी चालते कशी, हे मात्र एकालाही विचारावंसं वाटत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. शास्त्राच्या इतिहासात मालकीचा प्रश्न अगदीच फालतू नाही, पण तो फार नंतरचा आहे. एखादी विद्या एखाद्या मुलखाची ठरते ती तिथे कुणी शिकवली, वापरली आणि चुकल्यावर दुरुस्त केली यावरून. या कसोटीला हे दोन्ही गट उतरत नाहीत.

आधी थाळीकडेच बघू, कारण युक्तिवाद तिच्यातच दडलेला आहे. आकाशाचा गोल आकाशाच्या दक्षिण ध्रुवावरून बघून सपाट कागदावर उतरवला, तर गोलावरची वर्तुळं कागदावरही वर्तुळंच राहतात. हे भूमितीतलं सत्य सापडलं आणि यंत्र शक्य झालं. त्याचे मुख्य भाग दोन. वरची जाळी म्हणजे तारे: टोकदार पानांसारखे काटे, प्रत्येक काट्याच्या टोकाला एक तारा, आणि सूर्याच्या वार्षिक मार्गाचं एक कडं. खालची चकती म्हणजे तुमचं गाव: क्षितिज, डोक्यावरचा बिंदू आणि त्यांच्यामध्ये उंचीची वर्तुळं. यंत्र कडीला धरून लोंबतं सोडायचं, पाठीमागच्या पट्टीतून तारा नेमायचा, त्याची उंची किती अंश ते वाचायचं, मग जाळी फिरवून त्या ताऱ्याचं टोक तेवढ्या उंचीच्या वर्तुळावर आणायचं. त्या क्षणाचं सगळं आकाश तुमच्या तळहातावर जुळून येतं आणि कडेवर वेळ वाचता येते. दिवसा हेच काम सूर्यावरून होतं.

यातली मेख अशी की चकती एकाच अक्षांशासाठी चालते. दिल्लीचा अक्षांश साधारण साडेअठ्ठावीस अंश, बेळगावचा पंधरा अंश बावन्न कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). दिल्लीची चकती घालून यंत्र बेळगावात धरलं तर ध्रुव प्रत्यक्षाहून तेराएक अंश वर दिसायला हवा असं ते सांगेल आणि उन्हाळ्या-हिवाळ्यातला सूर्योदयही चुकवेल. म्हणून जुने कारागीर एका यंत्रात अनेक चकत्या बसवत, दोन्ही बाजूंनी कोरलेल्या, दर बाजूला एक अक्षांश. जाळी कुठूनही आणा, ती चालते. चकती मात्र तुमच्या गावासाठी कुणीतरी गणित करून कापावी लागते. आता सांगा, असल्या यंत्राबद्दल ‘हे कुणाचं’ असं एकाच दमात विचारता येईल का?

इतिहास दोघांनाही सोयीचा नाही. सपाटीकरणाची ही कल्पना ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातल्या हिपार्कस या ग्रीक ज्योतिर्विदाकडे नेली जाते. टॉलेमीने तिच्यावर लिहिलं. यंत्र कसं वापरावं हे सांगणारं, आज हाती असलेलं सर्वात जुनं ग्रीक लिखाण सहाव्या शतकातलं, अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसचं. सातव्या शतकात सेव्हेरस सेबोख्त या सीरियाच्या बिशपने त्यावर सुरियानी भाषेत लिहिलं. हा सेबोख्त आपल्याला निराळ्याच कारणासाठी माहीत असायला हवा. इसवी सन 662 मध्ये, विद्या म्हणजे ग्रीकांचीच असं मानणाऱ्यांना फटकारताना त्यानेच हिंदूंच्या नऊ अंकांचा गौरवाने उल्लेख केला. म्हणजे एकाच माणसाच्या मेजावर ग्रीक यंत्र आणि भारतीय अंकगणित शेजारी शेजारी होतं, आणि त्याला त्यात काही खटकलं नाही. पुढे बगदाद, इराण, स्पेन इथे यंत्र बहरलं आणि सुलतानांच्या काळात ते भारतात रुजलं. वेदकाळात ते होतं याला काडीचाही पुरावा नाही. भास्कराचार्यांनी 1150 च्या सिद्धांतशिरोमणीत यंत्रांवर एक अख्खा अध्याय लिहिला आहे. त्यात गोल आहे, सावली मोजायचा शंकू आहे, पाण्याची घटी आहे, त्यांनी स्वतः रचलेलं फलकयंत्र आहे. ॲस्ट्रोलेब नाही. शेवटी ते म्हणतात की बुद्धिमंताला एवढ्या यंत्रांची गरजच काय, हातातली साधी काठी आणि बुद्धी पुरे. ज्यांच्या नावाने आपण थाळी मिरवतो, त्यांचं यंत्रांविषयीचं मत हे असं.

पण म्हणून ‘नुसती नक्कल’ हेही खरं नाही. 1370 मध्ये, फिरोजशहा तुघलकाच्या आश्रयाने, महेंद्रसूरी या जैन पंडिताने यंत्रराज नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. उसनवारी त्याने लपवलेली नाही. यवनांनी (इथे म्हणजे मुसलमानांनी) आपल्या वाणीत अनेक यंत्रग्रंथ रचले, ते सागरासारखे धुंडाळून त्यांतलं अमृतासारखं सार मी सांगतो, असं तो उघड म्हणतो. बत्तीस ताऱ्यांची स्थाननिश्चिती त्याने दिली. पुढे लाहोरात अल्लाहदादच्या घराण्याने चार पिढ्या जी यंत्रं बनवली ती जगभरच्या संग्रहालयांत मानाने ठेवलेली आहेत. सवाई जयसिंगाने जयपुरात सुमारे सात फूट व्यासाचा यंत्रराज टांगला. नक्कल करणारा माणूस असा आपल्या गावाच्या अक्षांशाचं गणित नव्याने मांडत बसत नाही. आणि जयसिंग काही भक्त नव्हता. पितळी यंत्रं लहान असतात, त्यांचे आस झिजतात, केंद्र सरकतं, अशी त्याची तक्रार होती, आणि त्याच तक्रारीपोटी दगडी वेधशाळा उभ्या राहिल्या.

इथे माझ्या विरोधकांचा सर्वात वजनदार मुद्दा मला मान्य केलाच पाहिजे. ते म्हणतील, दिल्लीत किंवा पुण्यात बसून ‘मालकी गौण आहे’ म्हणणं सोपं आहे. इथे 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून माणसं आपल्या भाषेतली पाटी, आपल्या भाषेतला सरकारी कागद आणि आपल्या भाषेतली शाळा यांसाठी झगडत आहेत. सीमावादासाठी महाजन आयोग झाला, 2004 मध्ये महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला, अजून तारखा पडताहेत. ज्याला रोज ‘हे तुझं नाही’ ऐकावं लागतं, तो ‘भास्कराचार्य तरी आमचे’ म्हणाला तर त्याला हसायचं कशाला? आणि हे एकट्या मराठी माणसाचं दुखणं नाही. सीमेवरच्या कानडी माणसालाही आपली भाषा बाजूला सारली जाईल ही धास्ती असते. शिवाय इंग्रजी अमदानीतल्या पाठ्यपुस्तकांनी आपल्या गणिताला खरोखरच तळटीपेत ढकललं होतं. त्याची भरपाई मागणं गैर नाही. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने भारतीय ज्ञानपरंपरा अभ्यासक्रमात आणली, त्यामागे ही भावना आहे, आणि ती मला परकी नाही.

मुद्दा असा की ही भावना उतारा मागते, आणि उताऱ्यावर नाव चढलं की समाधान पावते. जमीन कसली जाते की पड आहे, हे बघायला कुणी बांधावर जात नाही.

भास्कराचार्यांचाच वाद घ्या. त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे की आपला वंश सह्य पर्वताच्या आश्रयाने वसलेल्या विज्जडविड नगरीतला. विजापूरकर नावाच्या साम्यावर बोट ठेवतात; पण विजापूरजवळ सह्याद्री कुठे आहे? मला पाटणची बाजू अधिक भक्कम वाटते, आणि ते मी बेळगावात बसून, दोन्हीकडचे शिव्या देणार हे जाणून लिहितो आहे. पण पाटणचा खरा पुरावा काय आहे? तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव सिंघणाच्या दरबारचा ज्योतिषी, याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि स्थानिक निकुंभ राजांनी त्याला दान दिलं, असं तो लेख सांगतो. त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे: या पाटणात जो माल विक्रीला उघडेल त्यावरची राजाची जकात मठाला दिली आहे. म्हणजे बाजारात गोणी फोडणाऱ्या व्यापाऱ्याच्या पैशातून खगोलगणित शिकवलं जात होतं आणि त्याची नोंद बाजारातल्या माणसाला कळेल अशा भाषेत दगडावर होती. या लेखावरून आपण काय भांडतो? जन्मगाव. लेख सांगतो काय? शाळा कशी चालवावी आणि तिचा खर्च कोण देणार. बेळगावच्या रविवार पेठेतल्या उलाढालीतला एक पैसा तरी आज आकाशाच्या अभ्यासाकडे वळतो का, हा प्रश्न त्या शिलालेखातून निघतो. तो विचारायला कुणी तयार नाही, कारण त्याचं उत्तर दोन्ही भाषांत सारखंच लाजिरवाणं आहे.

शाळा नसेल तर काय होतं, तेही दख्खननेच दाखवून दिलं आहे. बहमनी सुलतान फिरोजशहाने पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला दौलताबादजवळ वेधशाळा बांधायला घेतली होती, असं फरिश्ता सांगतो. हा फरिश्ता म्हणजे विजापूरच्या आदिलशाही दरबारातला इतिहासकार, आपल्याच बाजूचा. काम सुरू झालं, पण ज्या ज्योतिर्विदावर भिस्त होती तो वारला आणि वेधशाळा तिथेच थांबली. एक माणूस गेला आणि सगळं संपलं! राजाश्रय होता, पैसा होता, इच्छा होती. पाटणच्या मठासारखी दुसरी पिढी तयार करणारी व्यवस्था नव्हती. पुढे 1570 मध्ये विजापुरात नुजूम-उल-उलूम हा चित्रमय ग्रंथ तयार झाला. फारसीत लिहिलेला, पण इस्लामी आणि भारतीय नक्षत्रविद्या दोन्ही पोटात घेणारा. आज तो डब्लिनमध्ये आहे. तो कुणाचा म्हणाल? कानडी मुलूख, फारसी भाषा, दख्खनी सुलतान, संस्कृत परंपरा. उताऱ्यावर एवढ्या नावांना जागा नसते.

मालकीच्या युक्तिवादातली सर्वात मोठी खोट तर आकाशच दाखवतं. पृथ्वीचा आस हळूहळू डोलतो, त्यामुळे ताऱ्यांची स्थानं सुमारे 72 वर्षांत एक अंश सरकतात. महेंद्रसूरीच्या आकड्यांवरून कापलेली जाळी आज हातात घेतली तर ती नऊ अंशांनी चुकेल. पितळ तेच, नक्षी तीच, अभिमान तोच, वेळ मात्र चूक. पंचांगांचं अगदी असंच झालं. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने 1520 च्या सुमारास ग्रहलाघव लिहून गणित इतकं सोपं केलं की महाराष्ट्र-कर्नाटकातल्या जोश्यांनी शतकानुशतकं त्यावरच पंचांगं बांधली. त्या माणसाने स्वतः जुनी गणितं आकाशाशी ताडून दुरुस्त केली होती. त्याच्या भक्तांनी मात्र त्याचा ग्रंथ पूजेला लावला. तो आकाशाशी जुळेनासा झाल्यावर एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्र्यांना आणि नंतर व्यंकटेश बापूजी केतकरांना नव्याने हिशेब मांडावा लागला. केतकर जन्माने नरगुंदचे, बागलकोटात शाळामास्तर. युरोपीय खगोलविदांची कोष्टकं घेऊन त्यांनी ज्योतिर्गणित हा ग्रंथ संस्कृतात रचला. त्यांचा उतारा काढायला तलाठ्याने कुठल्या कचेरीत जायचं, धारवाडला की पुण्याला की पॅरिसला? (नेपच्यूनपलीकडच्या ग्रहाचं त्यांनी 1911 मध्ये फ्रेंच नियतकालिकात छापलेलं भाकीत पुढे करून ‘प्लूटो केतकरांनीच शोधला’ म्हणणारेही भेटतात. नाही. आकडा जवळचा निघाला, तो बहुतांशी योगायोग. केतकरांचं मोठेपण पंचांग दुरुस्त करण्यात आहे, आणि ते पुरेसं आहे.)

आता दुसऱ्या टोकाचा आक्षेप: खिशात जीपीएस असताना या थाळीचं करायचं काय? वस्तुसंग्रहालयात शोभेल ती. या आक्षेपात तथ्य आहे. रस्ता शोधायला ॲस्ट्रोलेब घेऊन चोर्ला घाट उतरणारा माणूस गोव्याऐवजी दरीत पोचेल. नौकानयनाच्या गोष्टी तर फारच फुगवलेल्या असतात. जहाजावर वापरलं जाई ते निराळं, बरंच साधं यंत्र: जड धातूचं कडं आणि एक फिरती पट्टी, ना जाळी, ना चकती. 1503 मध्ये ओमानजवळ बुडालेल्या एस्मेराल्दा या पोर्तुगीज जहाजातलं असं एक साडेसतरा सेंटिमीटरचं यंत्र 2014 मध्ये पाणबुड्यांना सापडलं. हलत्या डेकवर एका अंशाची चूक सहज होते, आणि एक अंश म्हणजे 111 किलोमीटर. रेखांश तर त्यावरून कळतच नाही. म्हणून तर वास्को द गामा 1497 मध्ये आफ्रिकेच्या सेंट हेलेना उपसागरात मोठं लाकडी यंत्र घेऊन किनाऱ्यावर उतरला, जमिनीवरून सूर्य मोजायला.

पण याच सफरीतली पुढची गोष्ट ऐका. पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदी बंदरातून कालिकतला नेणाऱ्या वाटाड्याला गामाने आपलं यंत्र दाखवलं. बारुश हा पोर्तुगीज इतिहासकार सांगतो की त्या गुजराती वाटाड्याला काडीचंही नवल वाटलं नाही. तांबड्या समुद्रातले तांडेल अशीच यंत्रं वापरतात, आम्ही खंबायतचे लोक लाकडी फळ्यांच्या दुसऱ्याच साधनाने तारे मोजतो, असं तो म्हणाला. अरब ज्याला कमाल म्हणत त्या साधनाचं तत्त्व अगदी सोपं: लाकडाची फळी, मधोमध दोरी, दोरीला गाठी. दोरीची गाठ दातात धरायची, फळीची खालची कड क्षितिजाला लावायची. वरची कड ध्रुवाला टेकली की तुम्ही त्या गाठीच्या बंदराच्या अक्षांशावर. या माणसाने ‘आमचं आधी’ म्हणून वाद घातला नाही आणि परक्या पितळाने तो दिपलाही नाही. त्याला काम येत होतं! जीपीएस आपल्याला आपण कुठे आहोत ते सांगतं. ते कशावरून, हे सांगत नाही. त्या वाटाड्याला कशावरून ते ठाऊक होतं, आणि शाळेत पोचायला हवं ते एवढंच. वाट शोधण्यासाठी यंत्र लागत नाही हे मान्य, पण ध्रुवाची उंची म्हणजेच आपला अक्षांश, हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य एकदा डोळ्यांनी खरं करून बघण्यासाठी याहून स्वस्त प्रयोग दुसरा कुठला?

त्याला लागतं तरी काय? कंपासपेटीतलं कोनमापक, दोरा आणि सायकलचा एक नट. कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा बांधायचा, टोकाला नट लोंबवायचा, सरळ कडेवरून ध्रुवतारा नेमायचा, आणि शेजाऱ्याने बोटाने दोरा दाबून आकडा वाचायचा. येळ्ळूरच्या राजहंसगडावरून उत्तरेकडे बघितलं की बेळगाव शहराचा उजेड नेमका ध्रुवाच्या खाली पसरलेला असतो. तारा फिकट, पण दिसतो. दोरा चौऱ्याहत्तरच्या आसपास थांबतो, नव्वदातून वजा केला की सोळा. कुणाचे चौदा येतात, कुणाचे अठरा. मुलं एकमेकांशी भांडतात, आणि हे भांडण करण्याजोगं आहे, कारण ते पुन्हा मोजून मिटवता येतं. मग ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त दूर आहे, पोर्तुगीजांच्या वेळी तो साडेतीन अंशांवर होता, हे सांगायला जागा मिळते. तिथून चकतीच्या गणिताकडे जाणं नववी-दहावीच्या भूमितीच्या आवाक्यातलं आहे. जाळी पारदर्शक प्लॅस्टिकवर छापायची, चकती पुठ्ठ्यावर. वेळ वाचताना ती घड्याळाशी सरासरी बत्तीस मिनिटांनी जुळणार नाही, कारण आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशाचं आणि आपण साडेचौऱ्याहत्तरवर. हा फरक मुलांनी स्वतः शोधला पाहिजे, मास्तरांनी आधी सांगून मजा घालवू नये.

मास्तरांवर आधीच जनगणनेपासून मध्यान्ह आहारापर्यंत सगळं लादलेलं असतं, त्यांनी हे कधी करायचं, हा आक्षेप खरा आहे आणि त्यावर माझ्याकडे ठोस उत्तर नाही. पाटणच्या मठासारखा बाजारातला पैसा आल्याशिवाय ते मिळणारही नाही. चकतीवरचे अंक देवनागरीत की कन्नडात, हा वाद मात्र होणार हे नक्की. त्याला जुना दाखला आहे: अरबी लिपीत कोरलेल्या कित्येक यंत्रांवर नंतरच्या मालकांनी शेजारी नागरी अक्षरं कोरून घेतली आणि मूळचं खोडलं नाही. कडेवर जागा भरपूर असते. माझं म्हणणं, बेळगाव, खानापूर, निपाणीतल्या एकेका कन्नड आणि मराठी शाळेने मिळून पंधरा अंश बावन्न कलांची एक चकती कापावी. सूर्य अगदी डोक्यावर येऊन सावली नाहीशी होण्याचे दोन दिवस आपल्याकडे मेच्या पहिल्या आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात येतात. पण मेमध्ये शाळांना सुट्टी आणि ऑगस्टमध्ये बेळगावचा पाऊस. तेव्हा सुरुवात डिसेंबरात, ध्रुवापासून करावी.